पंख्यावरचं नाव

“लाईन बंद होती, तर करंट आला कुठून?”

हा प्रश्न उपालीनं दवाखान्यात विचारला. ठाण्यात विचारला. ठेकेदाराच्या फाटकाला धरून ओरडून विचारला. स्मशानातून सगळे पाठ फिरवून निघाल्यावर राखेलाही विचारला.

कुणी खांद्यावर हात ठेवला. कुणी पाण्याचा ग्लास पुढे केला. कुणी घड्याळात पाहिलं.



आज त्यानं तोच प्रश्न विहाराच्या दारात उभं राहून विचारला.

भंते शीलवंश सतरंजीवर बसून चीवराची उसवलेली किनार शिवत होते. वऱ्हाडातल्या मे महिन्याची दुपार. वरचा स्लॅब तव्यासारखा तापलेला. त्या स्लॅबला एक नवाकोरा पंखा टांगलेला होता, आणि तो बंद होता.

“भंतेजी, तुमालेच विचारून राह्यलो.”

“ऐकलं. चप्पल बाहेर काढलीस?”

“हाव.”

“मग हे आत कसं आलं?”

उपालीनं आपल्या हाताकडे पाहिलं. हातात सब्बल होती. चांगली चार फुटी, लोखंडी पहार.

“मले गिरणीवर जायचं आहे.”

“दळायला?”

“टोमणे नका मारू, भंतेजी.”

“टोमणा नाही. हातात डबा दिसला नाही, म्हणून विचारलं.”

कोपऱ्यात फरशीला पाठ टेकून पडलेली कौतिकाबाई खुदकन हसली. घरात पत्रे तापले की ही म्हातारी दुपारभर विहारात येऊन पडायची. डोळे मिटलेले, कान मात्र टक्क जागे.

भंते हसले नाहीत. चीवर घेण्याआधी वीस वर्षं त्यांनी एसटीत तिकिटं फाडली होती. भांडण अंगावर घेऊन चढलेल्या माणसाला आधी बसायला जागा द्यायची, हे त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं.

त्यांनी सतरंजीवरची दोऱ्याची रिळं बाजूला सरकवली.

उपाली बसला नाही.

उपालीचं वय एकवीस. शाळा तिसरीत सुटली, म्हणजे त्यानंच सोडली. आईबाप लवकर गेले. त्याला वाढवलं ते प्रसेनजितनं, त्याच्या दादानं. दादा ठेकेदाराकडे लाईनमन होता. खांबावर चढायचा, तुटलेली तार जोडायचा, गावाला उजेड द्यायचा.

तेरा एप्रिलला, जयंतीच्या आदल्या संध्याकाळी, गिरणीमागच्या तारेवर कडुनिंबाची फांदी पडली. अर्धं गाव अंधारात. दादानं डीपी बंद केली. डीपी म्हणजे रोहित्राखालची लोखंडी पेटी, जिच्यातून वस्तीची वीज चालू-बंद होते. मग तो खांबावर चढला. फांदी काढली. तार हातात घेतली...

आणि तारेत करंट आला.

दादा खाली आला. पण लाईनमन उतरतो तसा नाही.

त्याला आता महिना उलटून गेला होता. आज सकाळी ठाण्यातल्या हवालदारानं सांगितलं, “अपघात लिहिलंय बाबा. फाईल बंद झाली. घरी जा.”

उपाली घरी गेला. सब्बल घेतली आणि निघाला.

“वसंता गिरणीवाल्यानं डीपी चालू केली,” तो म्हणाला. “मिरच्या दळायच्या होत्या त्याले. लाईट गेली, गिरणी थांबली. गेला असंल तणतणत, अन् दाबला असंल खटका.”

“पाहिलंस?”

“नाई. पण करंट आला तेव्हाच त्याची गिरणी सुरू झाली.”

“तेव्हाच माझा दिवाही लागला,” भंते म्हणाले. “तुझ्याही घरचा लागला असेल.”



गरम वाऱ्याचा झोत आला आणि विहाराचं दार धाडकन आपटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा आपटलं.

“दे बरं ते इकडं,” कौतिकाबाई उठून बसली. “कवाचं दार आपटून राह्यलं. डोळा लागू देत नाई.”

म्हातारीनं हात पुढे केला. मागितलं की द्यायचं, या लहानपणापासूनच्या सवयीनं उपालीनं सब्बल देऊन टाकली. तिनं ती उघड्या दाराला तिरपी टेकवली, पायानं ठोकून घट्ट केली आणि पुन्हा जाऊन आडवी झाली.

दार आपटायचं थांबलं.

उपालीला आपले हात एकदम रिकामे वाटले. ते कुठं ठेवावेत कळेना. तो खाली बसला.

“भंतेजी, एक सांगून ठेवतो. ते बाणाची गोष्ट सांगू नका.”

“कुठली?”

“तेच. बाण लागलेला माणूस म्हणते, आधी सांगा बाण कोनं मारला, मग काढा. अन् विचारता विचारता मरून जाते. महिनाभर ज्याले त्याले तेच सुचून राह्यलं. सरपंचानं सांगितली, मास्तरनं सांगितली, पंक्चरवाल्यानंही सांगितली.”

“चांगली गोष्ट आहे.”

“असंल. पण बाण मले नाई लागला, भंतेजी... ज्याले लागला, तो गेला.”

भंतेंची सुई कापडात अर्धी शिरून थांबली.

“खरं आहे,” ते म्हणाले. “ती गोष्ट तुझ्यासाठी नाही.”

उपालीला भांडायचं होतं. समोरचा माणूसच बाजूला सरकला की भांडणाला धरायला काही उरत नाही. मग तो आणखी पेटला.

“मी शहरात गेलो होतो, ठेकेदाराच्या साहेबाले भेटाले. तिथं हॉटेलच्या दारात बुद्ध. कारंज्याखाली बुद्ध. सोफ्याच्या दुकानात बुद्ध, किमतीची चिठ्ठी लटकवलेला. साहेबाच्या टेबलावरही एवढासा बुद्ध, डोळे मिटून. त्याच्यासमोर साहेब मले म्हणे, मन शांत ठेव. मोबाईलवर ध्यानाचं काहीतरी येते म्हणे, ते लाव.”

“लावलंस?”

“फोन आपटाच्या बेतात होतो मी.”

“हं.”

“सगळीकडं बसले आहेत भगवान. शांत. अन् माह्या भावाच्या खांबापाशी कोणीच नव्हतं.” त्याचा आवाज चिरकला. “अडीच हजार वर्षांमागचा धम्म आहे हा. तेव्हा ना तार होती, ना डीपी होती. त्यायले काय ठाऊक करंट म्हंजे काय असते? खटका म्हंजे काय असते?”

भंतेंनी थोडा विचार केला.

“खटका नव्हता,” ते म्हणाले. “हात होते.”

...

बाहेर कुठंतरी कावळा एकदा ओरडला आणि गप्प झाला.

भंतेंच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळला, नाकाच्या शेंड्यावर थांबला आणि चीवरावर पडला. त्यामागून दुसरा. उपाली ते पाहत राहिला. त्याला नको झालं.

“तुमी इथं काहून बसता? बाहेर लिंबाखाली तरी बसा.”

“इथं पंखा आहे.”

“बंद पंख्याखाली?”

“बंद कुणी केला?” कोपऱ्यातून कौतिकाबाई म्हणाली. “मी केला का?”

त्या पंख्याची गोष्ट सगळ्या वस्तीला ठाऊक होती. विहाराचा स्लॅब टाकला तेव्हा त्यात हूक बसवला तो दादानं. भिंतीवरचा बोर्ड, वायरी, बटणं, सगळं दादाच्या हातचं. दर रविवारी वंदनेला म्हातारीकोतारी घामाघूम झाली की दादा वर हुकाकडे बघून म्हणायचा, “एक पंखा लावून देतो इथं. या उन्हाळ्यात नक्की.”

दादा गेल्यानंतर पाचव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि सहाव्या दिवशी उपाली पंखा घेऊन आला. पेंटरकडून पात्यांवर अक्षरं काढून घेतली. पहिल्या पात्यावर ‘कालकथित’. दुसऱ्यावर ‘प्रसेनजित तायडे’. तिसऱ्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’.

रविवारी वंदना सुरू झाली. कुणीतरी बटण दाबलं. पंखा फिरला आणि सगळ्या विहारानं एकदम “हाश्श” केलं.

उपालीनं वर पाहिलं. नाव गेलं होतं. तीन पात्यांची एक करडी चकती झाली होती, आणि तीत दादा कुठंच नव्हता.

“बंद करा!” तो ओरडत उठला. “नाव पुसून राह्यले तुमी माह्या भावाचं!” त्यानं बटण बंद केलं. घरी धावत गेला. एक पत्र्याची पिवळी पाटी घेऊन आला आणि बटणांच्या बोर्डावर बांधून टाकली. लाल अक्षरांची पाटी. ‘लाईनवर माणूस आहे. चालू करू नये.’

तेव्हापासूनच्या सगळ्या वंदना घामात झाल्या. लोक भंतेंकडे कुरकुरत आले. भंते म्हणाले, “पाटी वाचली ना? मग झालं.”

“माह्याकडं तर कायम तिसरंच पातं येते,” कौतिकाबाई आता छताकडे बघत म्हणाली. “जवा पाहावं तवा ‘यांच्या स्मरणार्थ’. म्हंजे मी मेली का काय रे पोट्ट्या?”

उपालीच्या ओठांचा एक कोपरा हलला. त्यानं तो लगेच जागेवर आणला.

“भंतेजी,” तो हळू आवाजात म्हणाला, “तुमच्यासाठी चालेल. तुमी काढा पाटी. लावा पंखा.”

“मी कसा काढू?”

“काहून?”

“प्रसेनजितनं मला एकदा सांगितलं होतं. पाटी कुणी काढायची?”

उपाली मान ताठ करून बसला. हे त्याला येत होतं. शाळेतलं काही येत नव्हतं, पण हे येत होतं.

“ज्यानं लावली त्यानं. दुसऱ्यानं हात लावायचा नाई, मग तो साहेब असो का मंत्री. चढाच्या आधी डीपी बंद करायची, कडीले पाटी लटकवायची. काम झालं की उतरायचं. दोन्ही पाय मातीले टेकवायचे अन् ओरडायचं, ‘माणूस खाली!’ मग आपल्याच हातानं पाटी काढायची. मग खटका.”

“पाटी असली की डीपीला कुणी हात लावत नाही?”

“कोणाची हिंमत आहे?”

“हं.” भंतेंनी दोरा दातानं तोडला. “मग ही पाटी कुठून आली?”

...

“दादाची आहे.”

“ते दिसतंय. कुठून आली?”

“त्याच्या पिशवीतली.”

“पिशवी ठाण्यात जमा होती,” भंते म्हणाले. आवाज चढला नाही, उतरला नाही. “पंचनामा तूच माझ्याकडे आणला होतास. तुला भराभर वाचता येत नाही म्हणून मी वाचून दाखवला. पकड. दोरी. पट्टा. फाटका हातमोजा एक... पाटी नव्हती त्यात.”

उपालीनं भिंतीकडे पाहिलं. मग दाराकडे. दाराला सब्बल लावलेली होती.

“तुमाले तवापासून ठाऊक आहे?”

“मला काहीच ठाऊक नाही. मी फक्त यादी वाचली.”

कौतिकाबाईनं डोळे मिटून घेतले. पण तिचा पदरानं वारा घेणारा हात थांबला होता.



“मीच घेतली होती,” उपाली म्हणाला.



“जयंतीचा मंडप होता. जनरेटर आणला होता. पोट्टे सारखे त्याच्या खटक्याले हात लावून राह्यले होते. म्हटलं, दादाची पाटी लावू, भेतीन तरी. सकाळी पिशवीतून काढली. संध्याकाळी परत ठेवतो म्हटलं अन्... विसरलो.”

“हं.”

“त्यानं फोन केला होता. खांबापासून. ‘पाटी तुह्यापाशी राह्यली का रे?’ मी म्हटलं, ‘हाव दादा, जनरेटरले लावली. आणून देऊ का?’ तो म्हणे...”

 उपालीनं बोर्डावरच्या पाटीकडे पाहिलं.

“तो म्हणे, ‘राहू दे. काढशील तर पोट्टे हात घालतीन. मी पाच मिनिटांत उतरतो.’”

गरम वारा आत आला, सतरंजीची कड उचलून गेला.

“हे कोणाले नाई सांगितलं. ठाण्यातही नाई. मी सगळ्यायले विचारत फिरलो, करंट कुठून आला, करंट कुठून आला... अन् पाटी माह्यापाशी होती, भंतेजी. तुमीच शिकवलं ना रविवारी? हे असलं की ते होते. हे नसलं की ते होत नाई. पाटी असती तर...”

“पुढे?”

“पुढे काय? संपलं.”

“तिथं एवढं एकच नव्हतं. सगळं मोज.”

“मोजून काय करू?”

“मोज तर खरं.”

उपालीनं नाक पुसलं.

“फांदी पडली नसती, तर.”

“हं.”

“वारा सुटला नसता, तर.”

“हं.”

“ठेकेदारानं दोन माणसं दिली असती, तर. एक वर, एक डीपीपाशी.”

“हं.”

“कोणी का असंना, त्यानं डीपीले हात लावला नसता, तर.”

“तेही आहे. पुढे.”

“हातमोजा फाटका नसता, तर. जयंती दुसऱ्या दिवशी नसती, तर. ठेकेदार म्हणे सकाळी कर. दादाच म्हणे, ‘उद्या जयंती आहे, वस्ती अंधारात नको.’”

“हं.”

“मंडपात लहान पोट्टे नसते, तर.”

“हं.”

“दादाले त्या पोट्ट्यायची...”

तो थांबला.

“दादाले त्यायची काळजी नसती, तर.”

भंतेंनी मान वर केली.

“ती नसती, तर बरं झालं असतं?”

...

उपालीनं गुडघे जवळ घेतले आणि त्यात तोंड घातलं. महिनाभर तो ओरडला होता, शिव्या दिल्या होत्या, ठेकेदाराच्या गाडीचा आरसा फोडला होता. रडला नव्हता. आता त्याची पाठ हलत होती आणि आवाज अजिबात येत नव्हता.

कौतिकाबाई उठली. सरकत सरकत त्याच्याजवळ येऊन बसली.  पदराचं टोक धरलं आणि त्याच्या मानेवर वारा घालत राहिली.

भंतेंनी सुई दोऱ्याच्या रिळात खोचली. चीवर झटकून त्याची घडी केली. एसटीत शेवटचा माणूस चढेपर्यंत घंटी द्यायची नसते, तसे ते बसून राहिले.

उन्हाची तिरीप दारातून पुढे सरकली. सब्बलीची सावली फरशीवर लांब झाली.

“उपाली.”

“हं.”

“त्या पाटीवर काय लिहिलंय?”

“तुमाले ठाऊक आहे.”

“तू वाच.”

उपालीनं डोळे पुसले. एक एक अक्षर जुळवत वाचू लागला. ही अक्षरं दादानंच त्याला शिकवली होती, याच पाटीवर बोट ठेवून.

“ला... ईन... वर. माणूस. आहे.”

भंतेंनी मान उचलून वर पाहिलं. पंख्याकडे. मग उपालीकडे.

“आहे का अजून?”

उपालीही वर पाहत राहिला. तीन पाती, स्थिर. दुसऱ्या पात्यावर दादाचं नाव. पेंटरनं शेवटच्या अक्षराला जरा जास्तच लांब शेपूट काढलं होतं.

तो उठला.

पाटीची गाठ दादानं शिकवलेली होती. ओढली की सुटत नाही, ढकलली की सुटते. त्यानं ती ढकलली. पाटी काढली, सदऱ्याला पुसली आणि काखेत धरली.

मग त्यानं दोन्ही पाय फरशीवर नीट टेकवले. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा तो असा फुटला की लिंबावरचे कावळे उडाले.

“माणूस खाली!”

आणि त्यानं बटण दाबलं.